चिंतेचा वारसा की धीराचा?

दर रविवारी वसतिगृहाच्या फाटकाशी पालकांची गर्दी होते. फराळाचा डबा आणि धुतलेले कपडे यांबरोबर पालक आणखी एक गोष्ट मुलांच्या हाती देऊन जातात, ती म्हणजे स्वतःच्या मनाची अवस्था. त्या संध्याकाळी कोणते मूल अभ्यासाला बसेल आणि कोणते भिंतीकडे तोंड करून पडून राहील, हे त्या अर्ध्या तासाच्या भेटीवर बरेचसे ठरते, असे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि मुले घरी गेली. कोणाच्या वडिलांचे नाक्यावरचे काम सुटले, कोणाच्या आईची धुणीभांडी बंद झाली. मुले परतली तेव्हा ध्यानात आले, की संकट बहुतेकांचे सारखे होते, मुले मात्र सारखी नव्हती. 'काम बंद आहे, काही महिने ओढाताण होईल, पण आपण मिळून निभावू,' असे ज्या घरांत स्पष्ट सांगितले गेले, तेथील मुले लवकर सावरली. जेथे बापाचा राग पोरांवर निघाला, किंवा काहीच न सांगता आई कोपऱ्यात रडत राहिली, तेथील मुले दाराच्या आवाजानेही दचकत.

हा पालकांवरील ठपका नव्हे. हातावर पोट असणाऱ्यास भीती वाटणारच. प्रश्न त्या भीतीचे आपण काय करतो, हा आहे.

परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरोघरी एक दाखला हमखास दिला जातो : 'बाबासाहेब रात्री दोनला उठून अभ्यास करीत, आणि तू?' इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस वाटते, की हा दाखला अर्धाच सांगितला जातो. परळच्या चाळीतील एका खोलीत भीमरावांना उठविण्यासाठी सुभेदार रामजी स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मगच अंग टाकीत. पुस्तकांसाठी पैसे नसले, की विवाहित मुलींकडे जात, त्यांचे दागिने गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून आणीत. चिंता त्यांनाही होतीच. परंतु ती त्यांनी आपल्या जागरणात आणि पायपिटीत खर्ची घातली. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या त्या मुलाने घरात दारिद्र्य पाहिले, तसा दारिद्र्याशी झुंजणारा बापही पाहिला. आपण मात्र 'तुझ्यासाठी हाडाची काडं केली' असे वारंवार ऐकवून आपले कष्ट मुलाच्या डोक्यावर कर्जासारखे ठेवतो.

तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर शोक करीत माणूस मनाला दुसरा बाण लावून घेतो. गरिबी, आजार, नापास होणे हे पहिले बाण आपल्या मुलांना चुकत नाहीत. दुसरा बाण मात्र पुष्कळदा आपल्याच हातून सुटतो. आम्ही शिक्षकही यातून सुटलेलो नाही. निकालाच्या टक्केवारीची धास्ती आम्हीही वर्गात घेऊन जातो.

म्हणून पालकांस एवढीच विनंती. दुःख लपवू नका, मुलांना ते कळतेच. त्यांच्या वयाला पेलेल अशा शब्दांत ते सांगा, आणि त्यावर आपण काय करणार आहोत, हेही सांगा. रागाच्या भरात बोलून गेलात, तर 'माझे चुकले' म्हणा. रविवारी फाटकाशी आलात, की गुण विचारण्यापूर्वी झोप लागते का, मित्र कोण आहेत, हे विचारा. शेतीवाडीचा वारसा आपल्यापैकी फार थोड्यांजवळ आहे. धीराचा वारसा मात्र प्रत्येकाला देता येतो.