पांढरी सुती साडी लवकर का विरते?

शाहूपुरीतील दुकानात सुती कापड घेताना ‘मर्सराइज्ड’ असा शिक्का दिसतो. ही चमक वरून चढवलेली नसते, ती तंतूच्या आतून येते. शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली शाहू मिल आता बंद आहे. पण तिथे काम केलेली जुनी मंडळी चिमटीत सूत धरून आजही हे सांगतील.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीवरचा केस. बोंड फुटले की तो सुकतो, चपटा होतो आणि रिबिनीसारखा पिळतो. १८४४ साली इंग्लंडमध्ये जॉन मर्सर सुती फडक्यातून तीव्र कॉस्टिक सोडा गाळत होते. फडके आटले, पण दाट आणि मजबूत झाले. सोड्यात तंतू फुगतो, पीळ सुटतो, तो गोल होतो आणि रंगही जास्त पितो. मात्र आटलेले कापड गिरणीवाल्यांना परवडणार कसे? १८९० च्या सुमारास होरेस लोव्ह यांनी कापड ताणून धरून हीच क्रिया केली. आटणे थांबले आणि रेशमासारखी झळाळी आली.

तंतू सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो. सोडा त्या तोडत नाही, त्यांची मांडणी बदलतो. ब्लीचचे तसे नाही. वंदनेला नेसायची पांढरी साडी पिवळी पडली म्हणून आपण ती रात्रभर ब्लीचच्या पाण्यात ठेवतो. सकाळी शुभ्र होते, आणि चार धुण्यांनंतर पदर सावरताना टर्रकन फाटते. मग दोष दुकानदाराला! क्लोरीन डाग घालवतो तसा साखळ्याही तोडतो. तारेचा गंज लागलेला असेल तर नेमके तिथेच भोक पडते.

ब्लीच वापरायचेच तर पुष्कळ पाण्यात थोडे घाला, दहा-पंधरा मिनिटांत कापड काढा आणि दोन-तीन पाण्यांत खळबळा. रेशीम व लोकर यांना ते लावूच नका.

बॅटरीचे ॲसिड शर्टावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. पाणी उडून जाते तसे ॲसिड तीव्र होते. म्हणून भोक दुसऱ्या दिवशी दिसते. आणि संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.