घराचं कॉटेज होताना...

सध्या आमच्या दापोली तालुक्यात कुठल्याही गावाला जा, एखाद्या तरी जुन्या घरावर कामगार चढलेले दिसतात. कौलं उतरवलेली, खळ्यात चिऱ्यांचा ढीग आणि गेटवर (गेटसुद्धा नवीनच!) पाटी लागायची तेवढी बाकी. अमुक कॉटेज, तमुक होमस्टे. पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवार येतात, समुद्र बघतात, उकडीचे मोदक खातात आणि जाताना कोकम आगळाची बाटली घेऊन जातात. यात वाईट काहीच नाही. कुलूप लावून वाळवीच्या हवाली केलेल्या घरापेक्षा माणसांनी भरलेलं घर केव्हाही बरं.

आमच्याही घराचं कॉटेज होतंय, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं सासरचं घर म्हणजे जांभ्याच्या भिंती, ऐन-किंजळीचे वासे, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मग माजघर, त्याला लागून बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि अर्धं छप्पर घेऊन गेलं. वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊबाई गावातच असतात. तो अख्खा पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली काढला. पुढे कौलं चढली, पण भिजलेल्या लाकडात वाळवी शिरली ती शिरलीच. आता मोठं काम काढण्यावाचून इलाज नाही. मुंबईचे मधले दीर म्हणाले, एवढा पैसा घालायचाच तर घराने तो मिळवूनही द्यावा. म्हणणं चुकीचं नव्हतं.

कंत्राटदाराने साडेअकरा लाखांचं अंदाजपत्रक दिलं. रीपा, कौलं, वाळवीचं औषध, तीन खोल्यांना संडास-न्हाणी, गीझर, एसी. भिंतींना सिमेंटचा गिलावाही त्याने लावला होता, तो सासूबाईंनीच खोडायला लावला. जांभ्यावर सिमेंट चढवलं की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात, हे त्यांना कोणा इंजिनियरने सांगावं लागलं नाही! सगळे कागद मी दोनदा वाचले. त्यात खिळ्यांचाही हिशोब होता. नव्हता तो फक्त रांधणाऱ्या बाईचा.

मैत्रिणींनो, तुम्हीच मांडून बघा. तीन खोल्या, खोलीत चार माणसं, म्हणजे बारा पाहुणे. सकाळी चहा, मग घावणे नाहीतर पोहे. दुपारी माणशी चार पोळ्या धरल्या तरी अठ्ठेचाळीस पोळ्या, रात्री पुन्हा तेवढ्याच, नाहीतर भाकऱ्या. शिवाय कुणाला मासे चालत नाहीत, कुणाला कांदा. रविवारी पाहुणे गेले की डझनभर टॉवेल, चादरी, अभ्रे. आणि जुलै महिन्यात कोकणात चादर वाळवून दाखवावी कुणी! हे सगळं कोण करणार, असं मी विचारलं तेव्हा मधले दीर अगदी सहज म्हणाले, ‘‘घरचीच माणसं आहेत की. वहिनींना सवय आहे.’’ वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाई. त्या तेव्हा आत भाजी चिरत होत्या.

‘घरगुती’ या शब्दाचा मला अलीकडे राग यायला लागलाय. घरगुती जेवण, घरगुती आपुलकी. पाहुणा पैसे मोजतो तो याच आपुलकीचे. पण ती जिच्या हातून जाते, तिच्या हातात त्यातलं काय पडतं? बचत गटाच्या कामामुळे माझं किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत जाणं-येणं असतं. तिथे विचारलं की बायका म्हणतात, ‘‘पैसे हेच बघतात, मी जेवणाचं बघते.’’ मदतीला येणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी मिळते, घरच्या बाईला तीही नाही.

त्यात आता नवीन टूम निघाली आहे, चुलीवरच्या जेवणाची. आमच्या कंत्राटदारानेही मागच्या पडवीत ‘शो’ची चूल सुचवली. पाहुण्यांना फोटो काढायला बरी, म्हणाला. अहो, ज्या चुलीने सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी चाळीस वर्षं काढलं, ती फोटोसाठी पुन्हा मांडायची? गॅस आला त्या दिवशी त्यांनी सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं होतं. चुलीवरची भाकरी खमंग लागते, मान्य. मग त्या खमंगपणाचा वेगळा दर लावा, धूर जायला नीट धुराडं बांधा आणि फुंकणी घरातल्या पुरुषांनीही हातात धरा. ते जमत नसेल तर गॅसवरची भाकरी काही उपाशी ठेवत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. कर्ज काढायचं म्हटल्यावर बँकेने घराचे उतारे मागितले आणि लगेच विषय निघाला, दोन्ही वन्संकडून हक्कसोड घेऊन टाकू. दोघीही तयार होत्या. माहेर तुटायला नको, या एका वाक्यापुढे आपल्याकडच्या मुली किती सह्या करून मोकळ्या होतात! कायदा काय म्हणतो ते इथे सांगायला हवं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून सुधारणा झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सुधारणा लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते मागे फिरवणं फार अवघड. ज्या पडक्या घराला काल कुणी विचारत नव्हतं, त्यालाच उद्या उत्पन्न सुरू होणार असतं, आणि नेमकी त्याच वेळी बहिणींची आठवण होते ती सहीपुरती.

मी वन्संना एवढंच म्हटलं, ‘‘सही करायची तर करा, पण प्रेमाने करताय की भीतीने, ते आधी ठरवा.’’ यावरून घरात चार दिवस अबोला होता. मोठी सून घर फोडते, हेही ऐकून झालं. ऐकलं!

पाचव्या दिवशी मोठ्या वन्संचा फोन आला. त्यांना पैसे नको होते. त्यांनी विचारलं, ‘‘बाळंतिणीची खोली पण भाड्याने देणार का गं?’’ त्यांची दोन्ही बाळंतपणं त्याच खोलीत झाली. नकाशात तिथे एसी रूम नंबर तीन होती. मे महिन्यात माहेरपणाला आलं तर झोपायचं कुठे, हा प्रश्न पुरुषांना पडलाच नव्हता. पर्यटकांचा हंगाम आणि लेकींचं माहेरपण दोन्ही मे महिन्यातच, आणि विहिरीचं पाणीही तेव्हाच तळाला गेलेलं. गणपतीत काय करायचं, हेही कुणी बोललं नव्हतं.

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. राज्याने २०२३ मध्ये ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि तीच चालवत असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाच्या परताव्याची त्यात सोय आहे. हे कळल्यावर मधल्या दिरांना जाऊबाईंचं नाव एकदम आठवलं! पण सरपंचबाईंचे यजमान खुर्चीत बसलेले आपण थोडे पाहिलेत? नाव तिचं, सही तिची आणि एटीएम कार्ड यांच्या पाकिटात, असं होणार असेल तर त्या नावाला अर्थ काय?

म्हणून आम्ही (आम्ही म्हणजे दोघी जावा, दोघी वन्सं आणि सासूबाई) एका पानावर चार गोष्टी लिहून दिल्या. खातं जाऊबाईंच्या नावाचं आणि कार्ड त्यांच्याकडेच. स्वयंपाकाची मजुरी आधी बाजूला काढायची, उरेल तो नफा. बाळंतिणीची खोली भाड्याने द्यायची नाही, मग कॉटेज दोन खोल्यांचं झालं तरी चालेल. गणपतीत पाहुणे बंद. हक्कसोडीचा विषय वन्संनी तूर्त बाजूला ठेवलाय. बँकेने दुसरा काही मार्ग आहे का ते बघून सांगतो म्हटलंय.

मधले दीर दोन खोल्यांत कर्ज फिटेल का याची आकडेमोड करताहेत, आणि ती काळजी खोटी नाही. माझ्या यजमानांनी पानावर सही केली. धाकटे भावजी म्हणाले, ‘‘बघू.’’ जाऊबाईंनी मात्र परवा फोन करून बँकेत जाताना फोटो किती लागतात ते विचारलं.