पोत्यातले झिंक आणि गोळीतले झिंक



भाताला खैरा रोग पडू नये म्हणून खताबरोबर झिंक सल्फेटची पिशवी आपल्या घरी येते. मुलाला जुलाब झाले की दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीतही बहुधा झिंक सल्फेटच असते. नाव एक, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. मग पिशवीतलेच चिमूटभर पाण्यात कालवून का देऊ नये, असे काहीजण आम्हांला विचारतात.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे या खतात निदान २१ टक्के झिंक असावे लागते; म्हणजे किलोत २१० ग्रॅम. जुलाब झालेल्या मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला १० मिलिग्रॅम, असे १० ते १४ दिवस द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली सांगितले. त्या हिशेबाने एका किलोत दहा हजारांवर मात्रा निघतात!

तरीही ते मुलाच्या तोंडी जाता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. झिंकच्या खनिजाबरोबर शिसे आणि कॅडमियम येतात. पिकाच्या खतात त्यांचा जेवढा अंश चालतो, तेवढा औषधात चालत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते, कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते. शिवाय २० मिलिग्रॅम झिंकसाठी हे खत जेमतेम ९५ मिलिग्रॅम लागते. एवढे वजन चिमटीने कोण मोजणार?

प्रयोगशाळेतल्या बाटलीवर ‘९९ टक्के शुद्ध’ असे छापलेले असते, म्हणून तिच्यावर विसंबणेही बरे नव्हे. उरलेला एक टक्का काय आहे, हेच महत्त्वाचे. ती शुद्धता प्रयोगासाठी तपासलेली असते, पोटासाठी नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीन पोटात गेल्याने चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. बाटलीतले द्रव दिसायला ग्लिसरीनसारखेच होते.

पण याचा अर्थ महाग ते शुद्ध, असाही नाही. टॉनिकच्या पावडरी आणि शक्तीच्या कॅप्सूल पुष्कळदा औषध म्हणून नव्हे, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अन्न म्हणून विकल्या जातात. त्यांच्या किमतीत डबा, चित्र आणि जाहिरात यांचाही वाटा असतो. गरीब आईने उसने पैसे काढून असा डबा घ्यावा, हे आम्हांला पोत्यातल्या झिंकइतकेच खटकते.

मग करावे काय? गोळीच्या वेष्टनावर औषधाच्या नावापुढे ‘आय. पी.’ ही अक्षरे पाहा. भारतीय औषधसंहितेत ठरवून दिलेल्या शुद्धतेचे ते औषध आहे, असा त्यांचा अर्थ. जनऔषधीच्या दुकानात अशी औषधे स्वस्त मिळतात. जुलाबाच्या मुलासाठी आधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या तेथे मोफत देण्याची सरकारी योजना आहे. जलसंजीवनी लगेच सुरू करा. मूल मलूल झाले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक डॉक्टरांकडे न्या.

आणि खताची पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नका. तिची जागा गोठ्याशेजारच्या खोलीत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर.