गच्चीवरचा टॉवर

सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरूचा आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला आणि आयटीतली मंडळी ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला निघाली. त्या फोटोंवर देशभर हसून झालं. तळघरात पाणी शिरून वीज गेलेल्या इमारतींची अडचण मात्र फोटोत दिसत नव्हती. वीज गेली की आधी वाय-फाय जातं, मग मोबाइल टॉवरची बॅटरी. पलीकडच्या विंगमध्ये औषध हवंय, हे कळवायचं कसं? 26 जुलै 2005 ची पुरात बुडालेली मुंबई पाहिलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको.

त्याचं एक उत्तर म्हणजे लोरा, फ्रान्समधल्या सायक्लिओ कंपनीची रेडिओपद्धत. 2012 मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. या पद्धतीवर चालणारं मेशटॅस्टिक हे मुक्त सॉफ्टवेअर 2020 पासून आहे. काही हजारांचं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडायचं, की झालं. सिम नको, टॉवर नको. निरोप एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 पासून विनापरवाना खुला आहे. स्वस्त दिसलं म्हणून अमेरिकेसाठीचं 915चं यंत्र मागवू नका. त्या पट्ट्याला ही सूट नाही.

एका निरोपात जेमतेम दोनशे बाइट मावतात. देवनागरीतलं अक्षर असो वा मात्रा, प्रत्येकाला तीन बाइट लागतात; म्हणजे मराठीत साठ-सत्तर चिन्हांत आटपायचं. फोटो नाहीत, सुप्रभात नाही. संकटात हे बरंच म्हणायचं.

खरी अडचण अंतराची. मोकळ्या टापूत उंचावरून तीनशे किलोमीटरचे विक्रम झालेत, पण काँक्रीटच्या गर्दीत एक-दोन किलोमीटरवर दम लागतो. म्हणून एकट्याने घेतलेलं यंत्र खेळणंच ठरतं. ते पाण्याच्या टाकीवर सौर पॅनेलसकट बसवलं आणि शेजारच्या चार सोसायट्यांनीही तेच केलं, तर वस्तीचं स्वतःचं जाळं होतं. बेंगळुरूत इंजिनिअर आणि उंच गच्च्या, दोन्ही मुबलक. कमी पडतो तो असोसिएशनचा ठराव.

तो करताना दोन गोष्टी त्यात घालाव्यात. यंत्रातल्या मूळ चॅनेलचे निरोप उलगडणारी किल्ली जगजाहीर असते, तेव्हा ती बदलून आपली ठेवावी. आणि महिन्यातून एकदा वॉचमनपासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने एक निरोप पाठवून पाहावा. कपाटात पडून राहिलेलं यंत्र पुराच्या रात्री कोणालाच चालवता येत नाही.