हातात सुई नसेल तर बाईने बसू नये का?

“रिकामटेकड्या बायकांचे दोनच उद्योग. मालिका बघायच्या आणि टाके घालत बसायचे.” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे, लग्नाच्या मांडवात ऐकले आहे आणि दीनी बैठकीतही ऐकले आहे. बोलणारे वेगवेगळे असतात. एकाला मालिका गुनाह वाटतात, दुसऱ्याला मागासलेपणाची खूण वाटतात. बाईच्या वेळेचा हिशेब आपण मागू शकतो, याबद्दल मात्र दोघांचे एकमत असते. मी हे दोन्ही उद्योग करते आणि तेही एकाच वेळी. म्हणून हा हिशेब मीच मांडते.

सध्या मी मॅटीच्या कापडावर मक्का-मदिनेचे चित्र भरते आहे. ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. या मॅटीला एका इंचात 14 घरे असतात. माझा नमुना 300 घरे लांब आणि 200 घरे उंच आहे, म्हणजे साधारण साडेएकवीस इंच बाय सव्वाचौदा इंच. भिंतीवर फार मोठा दिसणार नाही. पण त्यात 60,000 फुल्या आहेत आणि एका फुलीला दोन टाके लागतात, म्हणजे एक लाख वीस हजार टाके. तासाला शंभर फुल्या धरल्या तर 600 तास होतात. इशाची नमाज आणि जेवणाची आवराआवर झाल्यावर रोज दीड तास मिळाला, तरी 400 रात्री लागतील. त्यात रमजान येतो, परीक्षा येतात, घरातली लग्ने येतात. दोन वर्षे सहज जातात.

हे काम मुक्या खोलीत बसून होत नाही. आकाशाचा निळा रंग भरताना मान वर करून टीव्ही बघता येतो. अक्षरे भरताना फक्त ऐकता येते, कारण एक घर चुकले की नुक्ता सरकतो. नुक्ता सरकला की शब्द बिघडतो, हे उर्दूच्या शिक्षिकेला कोणी शिकवायला नको. रंग बदलायचा, नवा दोरा ओवायचा, कागदावरची घरे मोजायची, ही कामे जाहिरातीत होतात. मालिकेत एकच वाक्य तीनदा का बोलतात, चेहऱ्यावर ढण्‌ढण्‌ संगीत का वाजते, याची विद्वान लोक टिंगल करतात. पण समोरच्या बाईचे डोळे पोळीवर, मेथीच्या जुडीवर किंवा सुईवर असतात. अर्ध्या लक्षात कळेल अशीच मालिका तिला उपयोगाची. पूर्ण लक्ष देऊन बसायची सवड तिला कोणी दिली आहे?

माझे खरे भांडण इथेच आहे. घरातला पुरुष क्रिकेटचा सामना बघतो तेव्हा त्याच्या हातात काय आहे, असे कोणी विचारत नाही. रिमोट असला तरी पुरे. बाई मात्र रिकाम्या हाताने बसली की घरात कुजबुज सुरू होते. म्हणून ती वाटाणे सोलते, लसूण निवडते, नाहीतर मॅटी मांडीवर घेते. भरतकाम हा तिच्या फुरसतीचा जामीन असतो. बसायचे असेल तर जामीन आणावा लागतो. आणि जामीन दिल्यावरही ऐकावे लागते की हा सगळा टाइमपास आहे.

सरकारी आकडेही पाहा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 मध्ये बायकांची 289 मिनिटे झाली आणि पुरुषांची 88. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे काढून घेतली. रिकामटेकडे कोण, हे आता ज्याने त्याने ठरवावे.

आमच्या फुलसावंगीचे नाव देशभर झाले ते ऑगस्ट 2021 मध्ये. वेल्डिंगच्या कामात हात बसलेल्या गावच्या एका तरुणाने दोनेक वर्षे खपून हेलिकॉप्टर तयार केले आणि त्याची चाचणी घेतानाच त्याचा जीव गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो. त्याच्या जागरणाला लोकांनी ध्यास म्हटले, स्वप्न म्हटले, आणि ते योग्यच होते. त्याच्या मोठेपणाला मला तसूभरही उणेपण आणायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे की त्याच गावात, तशीच दोन वर्षे, रात्री दिव्याखाली डोळे फोडणाऱ्या बाईच्या कामाला ‘ध्यास’ हा शब्द का मिळत नाही? तिच्या वाट्याला ‘वेळ जात नाही वाटतं?’ हाच प्रश्न का येतो?

दीनी मंडळींना माझे उत्तर सोपे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांची कामे करत असे त्यांनी सांगितले. आपले कपडे ते स्वतः शिवत आणि चपला स्वतः दुरुस्त करत, असेही रिवायतीत येते. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणाऱ्यांनी ही सुन्नतही कधीतरी हातात घ्यावी. सुईदोरा देणे माझ्याकडे लागले.

पुरोगामी मंडळी म्हणतात की मालिका बाईला गुलामी शिकवतात. काही शिकवतात, हे मला मान्य आहे. दागिने घालून झोपणाऱ्या सुना आणि दिवसभर कारस्थाने करणाऱ्या सासवा मलाही पटत नाहीत. पण 2019 च्या डिसेंबरात सुरू होऊन 2024 पर्यंत चाललेल्या मराठी मालिकेचे नाव काय होते? ‘आई कुठे काय करते!’ घराघरात मारला जाणारा टोमणाच तिने पाटीवर लिहिला आणि अरुंधतीच्या तोंडून त्याला जाब दिला. 2014 मध्ये ‘जिंदगी’ वाहिनीवर ‘जिंदगी गुलजार है’ लागली. तिच्यातली कशफ गरिबीत शिकते आणि मोठी अधिकारी होते. वर्गात मी जी उर्दू बोला म्हणून सांगते, ती उर्दू बोलणारी मुलगी या मालिकेत होती. 2016 मध्ये त्या वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. त्या बघून एखादी मुलगी बिघडली असेल, तर ती पुस्तकांकडे बिघडली असेल.

आता बायकांशी बोलते. माझ्या बहिणींनो, आपण चित्र पूर्ण करतो, फ्रेम करून बैठकीत लावतो, पाहुणे “माशाअल्लाह” म्हणतात आणि घरचे सांगतात, “अशीच करत बसते काहीतरी.” फ्रेमवाल्याचे स्टिकर मागे असते. आपले नाव कुठेच नसते. पाक चित्रावर नाव कशाला, असे कोणी म्हणेल. ताजमहालावर आयती कोरवून घेणाऱ्या खुशनवीस अमानत खानाने तिथे आपली सही केली आहे. इंग्लंडमध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईने 1598 मध्ये कापडाच्या तुकड्यावर टाके घातले आणि नाव व सालही टाक्यांनीच लिहिले. सव्वाचारशे वर्षांनंतरही ते नाव वाचता येते. खालच्या कोपऱ्यात आपले नाव आणि साल यायला साठ हजारांतल्या शे-दोनशे फुल्या लागतील. तेवढ्या राखून ठेवा.

आणि कोणी विचारले की किती वेळ वाया घालवला, तर लाजू नका. आकडा सांगा. सहाशे तास. तासाला पन्नास रुपये धरले तरी तीस हजारांची मेहनत होते, दोरा आणि मॅटी वेगळी.

एक गोष्ट आणखी करायची आहे, आणि ती या भरतकामाहूनही अवघड आहे. कधीतरी एका रात्री मॅटी कपाटात ठेवा. हातात मेथी नको, लसूण नको. मालिका लावा आणि मांडीवर दोन्ही हात रिकामे ठेवून पूर्ण भाग बघा. घरातले विचारतील, “आज काही काम नाही का?”

“आहे,” म्हणा. “ते मी उद्या करणार आहे.”