हिवरे बाजार पाणी मोजतं, ॲप माणसाला मोजतं. देखरेख आणि पाळत यात फरक काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार म्हटलं की पोपटराव पवार, दुष्काळावर केलेली मात आणि ग्रामसभा, एवढं लगेच आठवतं. पण या गावाची आणखी एक गोष्ट आहे. इथे गावाची एकमेकांवर बारीक नजर असते. शेतीसाठी कुणी बोअर घेतली का, कुणी उसासारखं पाणीपिऊ पीक लावलं का, कुणी झाड तोडलं का, कुणाची जनावरं डोंगरावर मोकाट चरतात का, हे गाव बघतं.

दुसरीकडे रोजगार हमीच्या कामावर मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढला जातो. सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं जातं. नजर इथेही आहे. मग एका नजरेला आपण आदर्श गाव म्हणतो आणि दुसरीला पाळत, असं का?

हिवरे बाजारात नेमकं काय मोजतात?

१९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, असंही ठरलं.

या सगळ्याच्या मुळाशी आहे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते पर्जन्यमापकावर बघायचं, विहिरींची पातळी मोजायची, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. हा हिशोब ग्रामसभेसमोर मांडला जातो.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, मोजलं जातं ते पाणी. दोन, आकडा चुकीचा वाटला तर समोर बसलेला शेतकरी उठून विचारू शकतो, "माझ्या विहिरीत तर एवढं पाणी नाही, हा आकडा आला कुठून?" मोजणारा आणि मोजला जाणारा एकाच सतरंजीवर बसलेले असतात.

मग रोजगार हमीच्या ॲपचं काय बिघडलं?

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली योजना. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार, १९७७ चा राज्याचा कायदा आणि मग २००५ मध्ये केंद्राचा कायदा. हिवरे बाजारच्या पाणलोटाच्या कामांनाही रोजगार हमीच्या निधीचा हातभार लागला.

पण या योजनेला बोगस मस्टरचा रोगही जुनाच. कागदावर शंभर मजूर आणि बांधावर वीस, हे किस्से गावोगाव ऐकायला मिळतात. त्यावर उपाय म्हणून केंद्राने एनएमएमएस नावाचं ॲप आणलं. कामाच्या ठिकाणी मजुरांचा फोटो सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा काढायचा, सोबत जागेचं लोकेशन जायचं. १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व कामांवर हे सक्तीचं झालं.

झालं काय, तर रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही आणि केलेल्या कामाची हजेरी बुडाली, अशा तक्रारी देशभरातून आल्या. काम लवकर संपलं तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबावं लागतं, हे महिला मजुरांचं दुखणं. २०२३ मध्ये मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घ आंदोलन केलं.

आणि बोगस मस्टर थांबलं का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून ॲपचा गैरवापर कसा होतो याची यादी दिली. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, फोटोतल्या आणि मस्टरमधल्या माणसांची संख्या न जुळणं, असे प्रकार त्यात होते. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर सगळे फोटो माणसांनी तपासायचे. म्हणजे चोर पकडायला आणलेलं यंत्र चोराने वळवून घेतलं, आणि उन्हात राबणाऱ्या बाईचा चेहरा मात्र रोज नोंदला जात राहिला.

खरं तर तपासणीची सोय कायद्यात पहिल्यापासून होती. मनरेगाच्या कलम १७ ने कामांवर लक्ष ठेवायचं आणि सामाजिक अंकेक्षण करायचं काम ग्रामसभेला दिलं होतं. गावात कोण कामावर गेलं आणि कोण नाही, हे गावाइतकं कुणाला ठाऊक असणार? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, सामाजिक अंकेक्षण राहिलं, पण त्यासोबत बायोमेट्रिक ओळख आणि एआयच्या मदतीने गैरव्यवहार शोधणंही आलं.

हे फक्त रोजगार हमीपुरतं आहे का?

नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली. देशातल्या आणखी काही शहरांनीही तेच केलं. घड्याळ बंद पडलं की पगार कापला जातो, स्वच्छतागृहात जातानाही कुणी बघतंय का अशी धास्ती वाटते, असं या शहरांतल्या कामगारांनी सांगितलं. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर आला. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा पोषण आहार देताना चेहऱ्यावरून ओळख पटवणं सक्तीचं झालं.

यातला समान धागा बघा. रस्ता झाडणारा, खड्डा खणणारी, आहार घ्यायला आलेली लेकुरवाळी, यांच्यावर कॅमेरा आहे. कामाचा ठेका ज्याने दिला आणि बिल ज्याने मंजूर केलं, त्याच्या मनगटावर घड्याळ नाही.

आणि फोन टॅपिंग?

तिथे तर ज्याच्यावर नजर आहे त्याला पत्ताच नसतो. टॅपिंगचा आदेश गृहसचिव देतात आणि त्याचा आढावा सचिवांचीच समिती घेते. त्यात न्यायाधीश नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक सुरक्षा किंवा आणीबाणीची स्थिती असल्याशिवाय टॅपिंग करता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं. पण त्याला हे समजलं ते लाचेच्या प्रकरणात त्याच्यावर खटला झाला म्हणून. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे कधीच कळत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे का?

अर्धा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा.

मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला. पण केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला कर्मचाऱ्याची संमती न घेता माहिती वापरता येते. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलमही बदललं आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं सांगून अधिकारी अर्ज फेटाळू शकतो. जनहितासाठी माहिती देण्याची वेगळी तरतूद शिल्लक आहे, पण ते हित पटवण्याचं ओझं आता अर्जदाराच्या खांद्यावर आलं.

ज्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी माहिती अधिकारासाठी लढा दिला, त्याच जिल्ह्यातल्या मजुराला हे जास्त टोचायला हवं. त्याचा फोटो वर जातो. वरची फाईल मात्र खाली येणं अवघड झालं.

मग सगळं ग्रामसभेवर सोडून मोकळं व्हायचं का?

तेही नाही. हिवरे बाजारने लग्नाआधी एचआयव्ही चाचणीचा नियम केला, त्याचं देशभर कौतुक झालं. मुलींचं आयुष्य वाचावं हा त्यामागचा विचार चांगलाच होता. पण चाचणी होकारार्थी आली तर? हजार-दीड हजार वस्तीच्या गावात एखादं ठरलेलं लग्न मोडलं की कारण किती दिवस झाकून राहणार? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने म्हणूनच संमतीशिवाय चाचणी करायला आणि कुणाचा अहवाल उघड करायला बंदी घातली.

विहिरीतलं पाणी सगळ्यांचं आहे, त्याचा हिशोब चारचौघांत व्हायलाच हवा. रक्ताचा अहवाल एकाच माणसाचा आहे. तिथे अख्ख्या गावाने हात वर केला तरी त्या एकाचं 'नाही' मोठं.

तुम्ही काय करू शकता?

ऑफिसात, पंचायतीत किंवा सोसायटीत नवं ॲप, नवा कॅमेरा आला की चार प्रश्न विचारा. काम मोजताय की माणूस? ही माहिती कुणाकडे जाते आणि किती दिवस राहते? यंत्र चुकलं तर माझी मजुरी, माझी हजेरी कोण दुरुस्त करणार? आणि मला बघणाऱ्याचा हिशोब मला बघता येतो का?

तुमच्या गावात रोजगार हमीचं काम सुरू असेल, तर पुढच्या ग्रामसभेत मस्टर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ज्यांची नावं आहेत ते तिथेच बसलेले असतात, आणि नसलेल्या माणसाचं नाव पुकारलं की गाव लगेच हसतं. बोगस मस्टर पकडण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय अजून निघालेला नाही, आणि त्यासाठी कुणाच्या चेहऱ्याचा फोटो दिल्लीला पाठवावा लागत नाही.