पराभवाला जागा ठेवणारा खेळ

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ, असल उत्तर या गावाच्या शिवारात, रणगाड्यांचा जो संग्राम झाला, तो छोट्या प्रतिकृती मांडून मेजावर पुन्हा खेळावा, असे कोणी सुचविले की आपल्या मंडळींत दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. हा पोरखेळ आहे, हा पहिला. हुतात्म्यांच्या बलिदानाचा निकाल फाशांवर लावणे ही विटंबना आहे, हा दुसरा. आम्हांस हे दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. इतकेच नव्हे, तर आपण ज्या रीतीने या लढाईचे स्मरण करीत आलो आहोत, त्या रीतीपेक्षा हा खेळ अधिक प्रामाणिक ठरेल, असे आमचे मत आहे.

पहिला आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच अंगणाकडे पाहावे. महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटल्या, तरी बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मराठी घरांतून दिवाळीचा मातीचा किल्ला काही हद्दपार झाला नाही. बुरूज कोठे घ्यावा, चोरवाट कोणत्या अंगाने काढावी, यावर भावंडांचे तंटे होत आणि त्या तंट्यांतून गडाची रचना मुलांच्या ध्यानी येई. प्रशियाच्या सैन्याने तर राइसविट्झ यांचा नकाशावरील युद्धखेळ १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता. तेव्हा मेजावरील युद्ध हे केवळ पोरांचे काम, असे म्हणण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप भावनेतून येतो, म्हणून त्याचा विचार अधिक आदराने केला पाहिजे. परंतु ज्या स्मरणाची विटंबना होईल अशी भीती घातली जाते, त्या स्मरणाचे आज स्वरूप काय आहे? सभांतून आपण ऐकतो ते एवढेच, की अजिंक्य म्हणविणारे पॅटन रणगाडे आले, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने ते उडविले आणि पॅटनचे कब्रस्तान झाले. अब्दुल हमीद यांचा पराक्रम वादातीत आहे. १० सप्टेंबर रोजी ते धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पण भाषणांत जे गळते, ते फार मोठे आहे.

त्या आधी आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने इच्छोगिल कालव्याच्या दिशेने केलेली चढाई फसली होती. मार खाल्लेल्या त्या डिव्हिजनला मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी मागे आणून असल उत्तरभोवती नव्याने उभे केले. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन होती आणि बियास नदीच्या पुलापर्यंत मुसंडी मारून अमृतसर तोडण्याचा तिचा बेत होता. आपल्या बाजूस ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स आणि डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शर्मन रणगाडे होते. हैदराबादकर वाचकांना आठवण द्यावीशी वाटते, की डेक्कन हॉर्सचे मूळ हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात आहे. भारतीय नोंदींनुसार शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले वा हाती आले. खुद्द खेमकरण गाव मात्र ताश्कंद करारानंतर, १९६६ मध्येच आपणांस परत मिळाले. ही बाजू कोणत्या व्यासपीठावरून सांगितली जाते?

मेजावर खेळ मांडणाऱ्यास यांतील काहीही गाळता येत नाही. उभा ऊस मांडावा लागतो, कारण आपले रणगाडे व तोफा त्याच्या आडोशास दडून होत्या. कालव्यांचे पाणी सोडून चिखल केलेली शेते मांडावी लागतात, कारण सुमारे ४५ टनांचा पॅटन त्यांत रुतत होता. सेंच्युरियन तर त्याहूनही जड. पण तो जागा धरून वाट पाहत होता आणि धावाधाव शत्रूस करावी लागत होती. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ डागली की मागे ज्वाळा व धूळ उठून तिची जागा उघडी पडते; म्हणून एक गोळा टाकताच जीप हलविण्याचा नियम हवा. तो नियम हाताळताना अब्दुल हमीद यांच्या प्रत्येक गोळ्याची किंमत जशी उमगते, तशी दहा भाषणांनी उमगत नाही.

आता थोडे या छंदाच्या भक्तांविषयीही. त्यांतील काहींना चिलखताची जाडी आणि तोफेचा व्यास तोंडपाठ असतो. मात्र मेज त्यांचे कोरडे, सपाट, हिरवे कापड पसरलेले! अशा मेजावर पॅटन जिंकला तर त्यात नवल नाही आणि हरला तर त्यात बोधही नाही. आमची नोकरी शेतसारा, पाणी आणि पाहणीच्या नकाशांत गेली. पाटाचे पाणी अवेळी फुटले तर शिवाराचे काय होते, हे आम्ही जाणतो. ज्यांना जमीन मांडावयाची नाही, त्यांनी रणगाडे कपाटात शोभेसाठी ठेवावेत. दडलेल्या तुकड्यांची नोंद ठेवण्यासही तिऱ्हाईत पंच हवाच. दोन्ही खेळाडूंना सारे दिसत असेल, तर ते असल उत्तर नव्हे.

राहता राहिले फासे. ते नकोत, कारण 'विजय आपलाच होता', असे म्हणतात. हेच म्हणणे आम्हांस सर्वांत घातक वाटते. निकाल आधीच ठरलेला होता, असे म्हणताच लढणाऱ्याच्या वाट्यास काय उरते? ८ सप्टेंबरला असल उत्तरच्या खंदकात बसलेल्या शिपायास आपण टिकू की नाही, हे ठाऊक नव्हते, आणि तरी तो जागेवर राहिला. ज्या खेळात भारतीय बाजू हरू शकते, त्याच खेळात त्या शिपायाचे धैर्य मोजता येते. पराभवाची शक्यता पुसून टाकणारे स्मरण हे त्याचे ऋण बुडविण्यासारखे आहे.

म्हणून आमची सूचना अशी, की ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी हा खेळ मांडावा आणि पहिल्या वेळी मुलास पाकिस्तानी बाजू द्यावी. त्याचे पॅटन चिखलात रुतले, की हे पाणी कोणी सोडले, असे तो चिडून विचारील. त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे, इतके वाचन मात्र आपण वडीलधाऱ्यांनी आधी केलेले असावे.